गुलाब गेला, समुद्र आला

खुर्चीत बसून पट्टा लावला की आसनांची अख्खी रांग जमिनीवरून उचलली जाते. पाय अधांतरी लोंबू लागतात. समोर आणि डोक्यावर पसरलेला घुमटाकार पडदा डोळ्यांच्या कडांपर्यंत भरून राहतो आणि आपण आल्प्सच्या शिखरावरून निघून जगभर उडू लागतो. किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्तींचा कळप चालताना दिसतो तेव्हा रानगवताचा वास येतो. पुढे चीनची भिंत, मग पिरॅमिड, मग ताजमहाल. ताजच्या बागेवरून जाताना नाकाशी गुलाब येतो, तोही काही सेकंदच. अमेरिकेतल्या मोन्युमेंट व्हॅलीचे लाल सुळके समोर येतात तोवर तो गेलेला असतो. त्यानंतर फिजीची बेटं येतात आणि खारं वारं तोंडावर येतं.

डिस्नेच्या शांघाय, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया इथल्या उद्यानांत हा उड्डाणाचा खेळ २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाला. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘आय फॉर इंडिया’ हाही असाच हवेत लटकवून उडवणारा खेळ, त्यामुळे पाय अधांतरी असण्याची गंमत अनेक मराठी कुटुंबांना ठाऊक आहे. डिस्नेचा खेळ पाहून आलेले लोक गुलाबाबद्दल बोलतात, समुद्राबद्दल बोलतात. माझं लक्ष मात्र त्या दोहोंच्या मधल्या जागेत अडकलं. गुलाब गेला कुठे? फिजीच्या वाऱ्यात तो मिसळला का नाही?

हा प्रश्न पडण्याचं कारण माझा धंदा. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या यूडीसीटीत, मी सुगंधाचं शास्त्र शिकले आणि त्यानंतर साबण, टाल्कम पावडर, अगरबत्ती यांच्यासाठी वास बनवत आले. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टिकतो का? अंघोळीनंतर किती वेळ येतो, कपाट उघडल्यावर येतो का, अगरबत्ती विझल्यावर खोलीत राहतो का. वास टिकवण्यासाठीच आम्हाला पैसे मिळतात. थीम पार्कमध्ये काम करणाऱ्या आमच्या भाईबंदांचा पेच नेमका उलटा आहे. त्यांचा वास वेळेवर गेला नाही तर सगळा खेळ फसतो. वासाने माणसाला दुसऱ्या जगात नेण्याची ही सगळी कला तो वास परत काढून घेण्यावर उभी आहे. ती समजून घ्यायची तर आधी जिथे ती फसली तिथे जायला हवं.

सिनेमागृहात काय चुकलं

दिव्याचं बटण बंद केलं की उजेड त्याच क्षणी जातो. आवाजाचंही जवळपास तसंच. वासाचं तसं नाही, कारण वास म्हणजे पदार्थ. गुलाबाचा वास येतो तेव्हा गुलाबातून सुटलेले रेणू खरोखर आपल्या नाकात पोचलेले असतात. उरलेले रेणू हवेत तरंगत राहतात, पडद्याला, गाद्यांना, केसांना, कपड्यांना चिकटतात. बटण बंद केल्याने ते नाहीसे होत नाहीत.

हे अमेरिकेतल्या चित्रपटवाल्यांना महागात पडलं. १९५९ च्या डिसेंबरमध्ये ‘बिहाइंड द ग्रेट वॉल’ हा चीनवरचा माहितीपट ‘अरोमारामा’ पद्धतीने दाखवला गेला. सिनेमागृहाच्या वातानुकूलन यंत्रणेतूनच वास सोडले जायचे. पुढच्याच वर्षी माइक टॉड ज्युनियर यांनी ‘सेंट ऑफ मिस्टरी’ आणला. त्यासाठी हान्स लाउबे यांनी ‘स्मेल-ओ-व्हिजन’ नावाची यंत्रणा बसवली होती. खुर्च्यांपर्यंत बारीक नळ्या नेलेल्या होत्या आणि कथेतल्या खुन्याचा माग पाइपच्या तंबाखूच्या वासावरून लागायचा. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात वास सुटताना फसफस आवाज येई. वरच्या बाल्कनीत तो काही सेकंद उशिरा पोचे. आणि एकदा आलेला वास हलायला तयार नसे, पुढचा त्यावर चढे. दोन्ही प्रयोग तिथेच संपले.

मॉर्टन हाइलिग या छायाचित्रणाच्या माणसाने त्याच सुमारास वेगळा मार्ग धरला. १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या ‘सेन्सोरामा’ या पेटीवजा यंत्रात एका वेळी एकच प्रेक्षक बसायचा. त्याला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून मोटरसायकलवर फिरवलं जायचं: चित्र, आवाज, हादरे, वारा आणि वास. एका नाकापुरती हवा असली की ती बदलणं सोपं जातं, हे त्याने दाखवून दिलं. पण एका माणसासाठी एक यंत्र हा हिशेब कुणालाही परवडणारा नव्हता.

नाकच वासाकडे नेलं

१ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडात डिस्नेचं एप्कॉट उद्यान सुरू झालं. तिथले बरेचसे खेळ अंधाऱ्या बोगद्यातून सरकणाऱ्या गाड्यांचे होते. गाडी एका देखाव्यासमोरून पुढच्या देखाव्यासमोर जाते आणि प्रत्येक देखाव्याला स्वतःचा वास हवा होता. डिस्नेचे अभियंता बॉब मॅकार्थी यांनी त्यासाठी एक यंत्र तयार केलं. हॉवित्झर तोफेवरून त्याला ‘स्मेलिट्झर’ असं नाव पडलं. वास सोडण्याच्या या यंत्रणेसाठी डिस्नेने १९८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९८६ मध्ये पेटंट मिळालं.

त्याची रचना साधी आहे आणि म्हणूनच मला ती फार आवडते. बोगद्याच्या एका बाजूला वासाची हवा फेकणारं नळकांडं. समोरच्या बाजूला ती हवा ओढून घेणारं तोंड. दोहोंच्या मधून गाडीचा मार्ग. गाडी येण्याच्या किंचित आधी संगणक इशारा देतो, वासाची झुळूक मार्गाला आडवी जाते, गाडीतली माणसं तिच्यातून पार होतात आणि उरलेला वास समोरच्या तोंडातून बाहेर खेचला जातो. सिनेमागृहात शेकडो नाकं जागच्या जागी बसलेली होती आणि वास त्यांच्याकडे न्यावा लागत होता. इथे वास जागेवर राहिला आणि नाकंच त्याच्याकडे नेली गेली. अडलेलं कोडं एवढ्याने सुटलं.

एप्कॉटच्या प्रचंड गोलातून फिरवणाऱ्या ‘स्पेसशिप अर्थ’ या खेळात माणसाच्या संवादाचा इतिहास उलगडतो. रोमच्या पाडावाचा देखावा येतो तेव्हा धुमसत्या अवशेषांबरोबर जळका वास येतो. क्षणभरच येतो, पण तिथून फिरून आलेल्या कुणालाही विचारा, तो हमखास सांगेल. ‘होरायझन्स’ हा तिथला दुसरा खेळ १९९९ मध्ये कायमचा बंद झाला. त्यात भविष्यातल्या वाळवंटी शेतीच्या देखाव्यात संत्र्यांचा वास सोडला जायचा. त्या खेळाची इमारत पाडली गेली, यंत्रमानव गेले, तरी त्या पिढीतले प्रेक्षक आजही आधी संत्र्यांचीच आठवण काढतात. संत्री पुढे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘सोअरिन ओव्हर कॅलिफोर्निया’ या उड्डाणाच्या खेळात परत आली. फळबागांवरून उडताना संत्री, डोंगरात पाइन, किनाऱ्यावर समुद्र.

उड्डाणाच्या खेळात गाडी पुढे सरकत नाही, प्रेक्षक एकाच जागी लटकलेले असतात. म्हणजे सिनेमागृहाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यावरचा तोडगा दोन गोष्टींत आहे. वास रांगांच्या अगदी जवळून, अगदी कमी मात्रेत सोडायचा आणि सोबतच्या वाऱ्याने तो पुढे ढकलायचा. दुसरी गोष्ट पटकथेत आहे. ताजचा गुलाब आणि फिजीचा समुद्र यांच्या मध्ये मोन्युमेंट व्हॅलीचं बिनवासाचं वाळवंट येतं, तसंच गवत आणि गुलाब यांच्या मध्ये चीनची भिंत आणि पिरॅमिड येतात. पाहणाऱ्याला ती फक्त दृश्यं वाटतात. मला ती हवा धुऊन घेण्यासाठी ठेवलेली जागा वाटते.

दोन सेकंदांचा वास कसा बनतो

अत्तर किंवा परफ्युम रचताना आम्ही तीन थरांचा विचार करतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके रेणू आधी उडतात. मग फुलं येतात. तळाशी चंदन, कस्तुरीसारखे जड, चिवट रेणू असतात आणि ते वरच्यांनाही धरून ठेवतात. अर्धा दिवस चालणारी ती एक गोष्ट असते. थीम पार्कच्या वासाला गोष्ट सांगायला वेळच नाही. दोन सेकंदांत नाकाने म्हटलं पाहिजे: संत्रं. त्यामुळे तळाचा जड थर शक्य तितका गाळायचा आणि पटकन उडणारे, पटकन ओळखू येणारे रेणू ठेवायचे.

संत्र्यासाठी लिमोनीन असतं, जे सालीतल्या तेलाचा बहुतांश भाग व्यापतं. गुलाबासाठी फिनाइल इथाइल अल्कोहोल, सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल. जळक्या लाकडासाठी ग्वायकॉल. पावसाने भिजलेल्या मातीसाठी जिओस्मिन, ज्याचा इतका सूक्ष्म अंश आपल्या नाकाला कळतो की प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडताना हात आपोआप सावध होतो. समुद्राच्या मोकळ्या वाऱ्यासाठी सुगंध उद्योगात कॅलोन नावाचा रेणू वापरला जातो. तो १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. खऱ्या किनाऱ्यावरच्या वासात डायमिथाइल सल्फाइडही असतं, पण ते थोडं जास्त झालं की उकडलेल्या कोबीची आठवण येते. मक्याच्या लाह्यांच्या वासातला एक प्रमुख रेणू म्हणजे २-असिटिल-१-पायरोलिन. पॉपकॉर्नच्या गाडीजवळून जाताना मला भाताची आठवण येते, कारण आंबेमोहोर आणि बासमतीच्या सुगंधाचा मुख्य आधार हाच रेणू आहे.

हे रेणू तेलाच्या रूपात थेट फवारले तर गाद्या-पडद्यांवर डाग पडतील आणि वास महिनोन्‌महिने बसून राहील. म्हणून तेल प्लास्टिकच्या मण्यांमध्ये किंवा जेलमध्ये मुरवून ठेवतात आणि त्यावरून पंख्याची हवा खेळवतात. दुसऱ्या पद्धतीत तेलाचे इतके बारीक तुषार करतात की ते हवेतच विरून जातात. मात्रा किती असावी हा सर्वांत नाजूक प्रश्न. प्रेक्षकांत दमेकरी असतात, अर्धशिशी असलेले असतात, तान्ही बाळं असतात. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, १९७३ पासून कोणते पदार्थ किती प्रमाणात वापरावेत याचे नियम ठरवत आली आहे. माझं स्वतःचं मत असं की प्रेक्षकाला ‘वास सोडला’ असं वाटू लागलं की मात्रा जास्त झाली. त्याला ‘संत्री पिकलीत’ असं वाटायला हवं.

नाक कसं विश्वास ठेवतं

इतका थोडा वास पुरतो कसा? याचं उत्तर नाकापेक्षा मेंदूत जास्त आहे. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्रहणकेंद्रं असतात. ती घडवणाऱ्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डोळ्यांचे, कानांचे संदेश मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे वाटले जातात. वासाचा संदेश त्या थांब्यावर न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार लवकर पोचतो. म्हणून वासाचं नाव आठवण्याआधी मन हललेलं असतं.

मात्र एकट्या वासाला नाक सहज फसतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वास दोनदा दिला. एकदा सोबत ‘चेडर चीज’ अशी अक्षरं दाखवली, एकदा ‘अंगाचा वास’ अशी. चीज म्हटल्यावर तोच वास लोकांना बरा वाटला. थीम पार्कमध्ये पडदा, आवाज आणि देखावा मिळून ही अक्षरं पुरवत असतात. समोर ताज दिसतो म्हणून गुलाब बागेतला वाटतो. तोच वास अंधारात दिला तर कित्येकांना साबण आठवेल.

आणि नाक लवकर कंटाळतं. सकाळी पोह्यांची फोडणी पडते तेव्हा पाच मिनिटांत घरातल्यांना तो वास जाणवेनासा होतो, दारात आलेला पाहुणा मात्र तो चटकन ओळखतो. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं मेंदू थांबवतो. म्हणजे वास वेळेवर काढून घेण्याची गरज दुहेरी आहे. पुढच्या दृश्याची हवा मोकळी व्हावी म्हणून तो जायला हवा. आणि आला होता हे लक्षात राहावं म्हणूनही जायला हवा.

यॉर्कचा संडास

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक वास सुखाचे आहेत. या कलेचं मोठेपण मला कळलं ते दुर्गंधीत, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात.

यॉर्कच्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झालं. ओल्या, हवाबंद थरांत दहाव्या शतकातल्या व्हायकिंग वस्तीचे अवशेष सापडले: लाकडी घरं, चामड्याच्या वहाणा, कापडाचे तुकडे, संडासाचे खड्डे. त्याच जागेवर १४ एप्रिल १९८४ रोजी यॉर्विक व्हायकिंग सेंटर उघडलं. छोट्या गाडीत बसून आपण त्या काळच्या गल्लीतून सरकत जातो. कुणी लाकूड कातत असतं, कुणी मासे विकत असतं. आणि वास येतात: धूर, चामडं, मासळी, कुजका कचरा आणि परसातला संडास. वासांचं काम डेल एअर या इंग्लिश कंपनीकडे होतं. आज ती अरोमाप्राइम या नावाने ओळखली जाते आणि वृद्धाश्रमांत जुन्या आठवणी जागवण्याच्या उपक्रमांसाठीही वास बनवते.

त्या गाडीत माझ्या शेजारी शाळेतली मुलं होती. संडासाजवळ सगळ्यांनी नाकं दाबली, ओरडली, हसली, आणि पुढच्या वळणापर्यंत त्याच विषयावर बोलत राहिली. दहाव्या शतकात माणसं परसाकडेला कशी जात, हा प्रश्न मुलांना पडला होता. कोणत्या पाठ्यपुस्तकाने हे साधलं असतं? आणि हा वास हवेतून काढलेला नव्हता. खड्ड्यांत पुसण्यासाठी वापरलेलं शेवाळ सापडलं आहे. यॉर्कमध्येच १९७२ मध्ये एका बँकेच्या बांधकामाच्या जागी व्हायकिंग माणसाच्या विष्ठेचा सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा जीवाश्म मिळाला. त्यात पोटातल्या जंतांची अंडी होती. तो आज त्या केंद्रात मांडलेला आहे. म्हणजे दुर्गंधीच्या मागे पुरावा आहे. आमच्या धंद्यात असा वास स्कॅटोल आणि इंडोल यांच्यापासून रचता येतो. इंडोलचा अंश मोगऱ्यातही असतो आणि मोगऱ्याचा गडद गोडवा त्याच्याशिवाय जुळत नाही.

यॉर्विकचे वास वर्षानुवर्षं तेच राहिले, म्हणून ते शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडले. जॉन अ‍ॅगलटन आणि लुईस वॅस्केट यांनी १९९९ मध्ये एक छोटा, सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. सरासरी सहा-सात वर्षांपूर्वी यॉर्विक पाहिलेल्या लोकांना तिथल्या वस्तूंबद्दल प्रश्न विचारले. एका गटाला आधी परके वास हुंगायला देऊन उत्तरं घेतली आणि मग यॉर्विकचे वास, म्हणजे जळकं लाकूड, सफरचंद, मासळीबाजार, दोर-डांबर, माती असे देऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले. दुसऱ्या वेळी त्यांची उत्तरं सुधारली. सहा वर्षं मनाच्या तळाशी पडलेले तपशील वासाबरोबर वर आले होते.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये यॉर्कला पूर आला, पाणी केंद्रात शिरलं आणि ते बंद करावं लागलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये नव्या रूपात ते पुन्हा उघडलं तेव्हा गल्ली नवी होती, पुतळे नवे होते, पण वास हवेतच हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वासाशिवाय यॉर्विक ही कल्पनाच आता कुणाला करवत नाही.

वास कुणासाठी

वासात इतकी शक्ती आहे, तर तिचा वापर कशासाठी होतो हेही पाहायला हवं. डिस्नेच्या ‘मेन स्ट्रीट’वर मिठाईच्या दुकानांबाहेर व्हॅनिलाचा, नाताळात पेपरमिंटचा वास दरवळत असतो. तो वातावरण करतो आणि पावलं दुकानाकडेही वळवतो. आत मिठाई खरोखर असेल तर मला त्यात काही गैर वाटत नाही. हलवायाच्या दुकानाचाही वास रस्त्यावर येतोच. मला खटकतं ते मॉल आणि हॉटेलांत दिवसभर, समोर काहीही नसताना सोडलेलं सुवासिक धुकं. त्याला ना सुरुवात, ना शेवट, ना विषय. माणसाला कळू न देता त्याची पावलं रेंगाळवणं एवढंच त्याचं काम. उद्यानातला वास निदान समोरच्या दृश्याशी बांधील असतो आणि आपलं काम झालं की निघून जातो.

आणि काही वास तर कुणी योजलेलेही नसतात. डिस्नेलँडमधला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ हा होड्यांचा खेळ १९६७ चा. तिथल्या पाण्याचा, निर्जंतुकीकरणाच्या औषधाचा आणि दमट अंधाराचा मिळून जो वास होतो, तो जुन्या प्रेक्षकांना इतका प्रिय आहे की त्याच्या नकलेच्या मेणबत्त्या विकल्या जातात. जिथे माणूस मनापासून रमतो तिथला वास तो आपणहून सोबत घेऊन जातो.

गिरणीचा वास

एप्कॉट ज्या वर्षी उघडलं त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते. आमच्या लालबागच्या चाळीत पाळी सुटली की जिन्यावरून वर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कपड्यांना तोच वास असे: सुताची धूळ, तापलेलं यंत्राचं तेल, घाम आणि धाग्याला लावायच्या खळीचा आंबूस दर्प. चिंचोक्याची खळ, स्टार्च, चरबी, प्रत्येक गिरणीची तऱ्हा निराळी. भोंग्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, त्याची ध्वनिमुद्रणंही सापडतील. तो वास कुणी जपून ठेवलेला नाही.

जपणं अशक्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सेसिलिया बेंबिब्रे आणि मातिया स्ट्रिलिच यांनी जुन्या पुस्तकांच्या वासाचं विश्लेषण करून ते २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात गेलेल्यांना तिथला वास कसा वाटतो हे त्यांनी शब्दांत नोंदवलं आणि हवेत कोणते रेणू आहेत हेही तपासलं. वस्तूभोवतीची हवा गोळा करायची, गॅस क्रोमॅटोग्राफवर तिचे घटक वेगळे करायचे, मग परफ्युमरने ते पुन्हा जुळवायचे. यातलं प्रत्येक तंत्र मुंबईत उपलब्ध आहे. माणसंही आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारण्याचा मुंबई महापालिकेचा प्रकल्प आहे. तिथे साचे असतील, छायाचित्रं असतील, चित्रफिती असतील. त्यात साचेखात्याचा एक कोपरा वासाचा असावा, असं मला मनापासून वाटतं. तो गोड करू नये. कापसाच्या धुळीने ज्यांच्या छात्या भरल्या त्यांच्या कामाची जागा सुगंधी दाखवणं हा खोटेपणा ठरेल. जसा होता तसा, तेल आणि खळ आणि दमट गरम हवा यांचा, उंबरठा ओलांडताना दोन सेकंद यावा आणि मागे टाकता यावा. म्हणजे वास्तुविशारदाने वास सोडणाऱ्या यंत्राआधी हवा ओढून घेणाऱ्या तोंडाची जागा आराखड्यात धरायला हवी. इमारत बांधून झाल्यावर ते जमत नाही.

यॉर्कच्या तज्ज्ञांकडे शेवाळ होतं, जंतांची अंडी होती, पण आपला वास बरोबर जुळला का हे सांगायला दहाव्या शतकातला एकही माणूस नव्हता. आपल्याकडे अशी माणसं अजून आहेत. लालबाग-परळमध्ये आहेत, गिरण्या बंद पडल्यावर गावी परतलेली कोकणात आहेत, साताऱ्याकडे आहेत. त्यांतली बहुतेक आता सत्तरीच्या पुढची आहेत आणि वयाबरोबर नाकाची ताकद कमी होत जाते. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही. आम्ही परफ्युमरांनी नमुने बनवावेत, ब्लॉटरच्या पट्ट्यांवर लावून त्यांच्यासमोर धरावेत आणि ‘हे नाही, तेल जास्त झालं, खळ अजून आंबट होती’ असं ते म्हणतील तसतसे बदलत जावेत. ज्या पट्टीवर त्यांच्यापैकी चार जणांचं एकमत होईल, तीच संग्रहालयात लागावी. या परीक्षेचे परीक्षक तेच आहेत, आणि नमुने घेऊन त्यांच्या दारी जायला मी आजही तयार आहे.